लंडनमध्ये एकच दिवस, सोबत आईबाबा : टूर बस घ्यावी की थेम्समधली बोट?

चिंगीचीआई

नमस्कार. सप्टेंबरअखेर आईबाबा येताहेत. आम्ही लंडनपासून बरेच लांब राहतो, त्यामुळे शहरासाठी असा एकच दिवस हातात आहे, तोही शनिवार. बाबा ७२ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. चालतात भरपूर, पण गर्दीत वैतागतात. आईचा उजवा गुडघा दुखतो. सपाट रस्त्यावर ती तासभर सहज चालते, जिने मात्र नको म्हणते. बरोबर नऊ वर्षांची चिंगी.

नवरा म्हणतो, उघड्या टपाच्या टूर बसचं दिवसभराचं तिकीट काढू, हवं तिथे उतरू, हवं तिथे चढू. मला मात्र बोट घ्यावीशी वाटतेय. म्युझियम, लंडन आय, काहीही आत जाऊन बघायचं नाहीये. बाबांचं म्हणणं एवढंच, की शहर कसं आहे ते कळलं पाहिजे. दोन्ही जमेल का? आणि आईला सोपं काय पडेल?

दुपारचाचहा

नवऱ्याचं ऐका. पहिल्यांदाच येणाऱ्यांना टूर बस बरी. बकिंगहॅम पॅलेस, हाइड पार्क, केन्सिंग्टन, पिकॅडिली यातलं काहीही नदीवरून दिसत नाही. बोटीत बसून आलात आणि बाबांनी "राणीचा राजवाडा कुठे होता?" असं विचारलं तर काय सांगणार? शिवाय बसमध्ये कानाला लावून माहिती ऐकता येते. एक करा, तिकीट काढण्याआधी नीट वाचा. बऱ्याच टूर बसच्या तिकिटात नदीतली एक फेरी धरलेली असते. लोकांना ते माहीत नसतं आणि ते बोटीचे पैसे वेगळे भरतात.

खाडीपार

चिंगीचीआई, मी वुलिचला राहते आणि कामाला बरीच वर्षं नदीतूनच जाते, तेव्हा माझं पारडं कुठे झुकणार हे उघड आहे. पण घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हेच सांगते आणि मनापासून सांगते. बाबांना शहर कसं आहे ते कळायला हवं असेल तर ते नदीवरूनच कळेल. हे शहर इथे वसलं ते या पाण्यामुळे. रस्ते नंतर आले.

तुम्हाला टूरच्या बोटीची गरज नाही. नोकरदार माणसं ज्या बोटींनी जातात त्या थेम्स क्लिपर्सच्या, म्हणजे उबर बोटीच्या, आरबी१ मार्गावर बसा. तो बॅटरसी पॉवर स्टेशनपासून थेट पूर्वेला बार्किंग रिव्हरसाइडपर्यंत जातो. ऑइस्टर (लंडनमधल्या प्रवासाचं कार्ड) किंवा बँकेचं कार्ड टेकवायचं आणि आत जायचं. मोठ्यांपैकी प्रत्येकाला आपापलं कार्ड लागतं, चिंगीचं अर्धं तिकीट वेगळं काढा. आत ऐसपैस खुर्च्या, मोठाल्या काचा, चहा-कॉफी, शौचालय, आणि मागे उघडा डेक. माहिती सांगणारं कुणी नसतं, ते मी खाली लिहिते, बाबांना वाचून दाखवा.

बॅटरसीहूनच का, तर टूरच्या बोटी बऱ्याचदा वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावरून सुटतात. हा धक्का वेस्टमिन्स्टर ब्रिजच्या खालच्या अंगाला आहे आणि पार्लमेंट वरच्या अंगाला. बोट खाली ग्रिनिचकडे निघाली की पार्लमेंटची नदीकडची सगळी बाजू पाठीमागेच राहते. लोक पैसे भरून बसतात आणि ज्याच्यासाठी बसले ते दूरूनच बघतात. बॅटरसीहून आलात तर ती इमारत डाव्या हाताला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाते.

त्याआधी व्हॉक्सहॉल ब्रिज लागेल, १९०६ चा. त्याच्या खांबांवर बाहेरच्या अंगाने ब्राँझच्या आठ थोरल्या स्त्रिया उभ्या आहेत, प्रत्येक बाजूला चार. वरून जाणाऱ्या बसमधून त्या अजिबात दिसत नाहीत, पुलावरून चालणाऱ्यालाही कठड्यावरून वाकल्याशिवाय दिसत नाहीत. पुलाकडे जाताना समोर कुंभारकाम, अभियांत्रिकी, वास्तुकला आणि शेती. यातल्या वास्तुकलेच्या हातात आख्खं सेंट पॉल्स कॅथीड्रल आहे, घुमटासकट. पुलाखालून पलीकडे गेलात की मागच्या डेकवर या आणि वळून बघा, तिथे विज्ञान, ललित कला, स्थानिक स्वराज्य आणि शिक्षण. एका पुलावर स्थानिक स्वराज्याचा पुतळा बसवणारी ही माणसं होती, हे मला फार आवडतं. बाबाही सरकारी नोकरीतले, त्यांनाही आवडेल. बोट मात्र झपकन जाते, फोन आधीच हातात धरून ठेवा.

पुढे लॅम्बेथ ब्रिज लाल, कारण पार्लमेंटच्या वरिष्ठ, म्हणजे लॉर्ड्सच्या सभागृहातल्या खुर्च्या लाल. वेस्टमिन्स्टर ब्रिज हिरवा, तो कॉमन्सचा, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचा रंग. चिंगीला विचारा, ती चटकन ओळखेल.

वेस्टमिन्स्टरनंतर डावीकडे जी लांबच लांब दगडी भिंत सुरू होते, तिथे बाबांना डावीकडेच बसवा. ती व्हिक्टोरिया एम्बँकमेंट, १८७० ची. इंजिनिअर जोसेफ बॅझलजेटचं काम. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीत सांडपाणी इतकं साचलं होतं, की त्या वासाने पार्लमेंटचं काम करणं अशक्य झालं. मग त्याने नदीचं पात्रच आत ढकललं, भराव घातला आणि त्या भरावाच्या पोटात सांडपाण्याचा मोठा नळ आणि भुयारी रेल्वे दोन्ही घातलं. वर रस्ता, झाडं, बाग. भिंतीवर ओळीने सिंहांची तोंडं आहेत, तोंडात कडी. पाणी त्या सिंहांपर्यंत चढलं तर लंडन बुडेल, असं इथले लोक म्हणतात. टूर बस याच भिंतीच्या वरून धावते आणि आपण कशावरून चाललोय हे प्रवाशाला कळतच नाही.

वॉटर्लू ब्रिज दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला, त्यात बाया मोठ्या संख्येने होत्या. म्हणून त्याला लेडीज ब्रिजही म्हणतात. टेट मॉडर्न, ग्लोब, एचएमएस बेलफास्ट हे सगळं उजवीकडे. सेंट पॉल्स, टॉवर ऑफ लंडन डावीकडे. त्यांच्याबद्दल कुठेही वाचायला मिळेल, मी लिहीत बसत नाही.

टॉवर ब्रिज मागे पडला की बोट वेग घेते. चिंगीला इथे डेकवर न्या, जॅकेटची चेन लावून.

ग्रिनिचला काय बघायचं ते नीट सांगते. काठावर दोन सारख्या पांढऱ्या भव्य इमारती दिसतील आणि मधोमध मोकळी फट. त्या फटीतून मागे एक छोटं पांढरं घर दिसतं. ते क्वीन्स हाउस, या इमारतींच्या आधीचं. नवीन बांधकामामुळे त्या घरातून नदी दिसेनाशी होऊ नये, असा राणी दुसरी मेरी हिचा आग्रह होता. म्हणून वास्तुकार क्रिस्टोफर रेनने इमारत मधोमध चिरली. ही रचना पाण्यावरून सरळ रेषेत दिसते. मागच्या टेकडीवर वेधशाळा, १६७५ ची. तिच्या मनोऱ्यावर लाल गोळा आहे. नदीतल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून १८३३ पासून तो दुपारी बरोबर एक वाजता खाली पडतो.

बहुतेक पाहुणे इथे उतरतात. तुम्ही उतरू नका. बाबा पाटबंधाऱ्यातले आहेत, त्यांना वुलिचपर्यंत आणा. ग्रिनिच आणि वुलिचच्या मध्ये थेम्स बॅरिअर, म्हणजे समुद्राचं पाणी अडवणारी दरवाजांची रांग, लागतो आणि बोट त्याच्या दोन खांबांच्या मधून जाते. १९५३ मध्ये उत्तर समुद्राला उधाण येऊन पाणी आत शिरलं, इंग्लंडमध्ये ३०० हून जास्त माणसं गेली, त्यानंतर हे बांधायचं ठरलं. १९८२ पासून वापरात आहे. नदीची रुंदी तिथे ५२० मीटर, दरवाजे १०. त्यातले चार मोठे गाळे प्रत्येकी ६१ मीटरचे आणि त्यांचा एकेक दरवाजा ३,००० टनांहून जड. हे मोठे दरवाजे एरवी दिसतच नाहीत. ते तळाशी काँक्रीटच्या खोबणीत आडवे पडलेले असतात, म्हणून वरून जहाजं जाऊ शकतात. समुद्राचं पाणी चढणार असं कळलं की ते गोल फिरून उभे राहतात. धरणाच्या दरवाजाने पाणी आत अडवायचं असतं, इथे बाहेर अडवायचंय. त्या पत्र्याच्या चकचकीत टोपड्यांजवळून जाताना माझ्या सासऱ्यांनी बोट थांबवता येते का, असं विचारलं होतं. तेही तुमच्या बाबांसारखेच, सिंचनातले.

वुलिचहून परत यायला एलिझाबेथ लाइनची रेल्वे. लिफ्ट आहे, एकही जिना नाही.

आता गुडघ्याचं. टूर बसची मजा वरच्या मजल्यावर आणि वर जायचा जिना अरुंद, वळणाचा, बहुतेकदा चालत्या बसमध्ये चढायचा. आईंना दिवसभर खालीच बसावं लागेल आणि खालून पुढच्या गाडीचं टप दिसतं. बोटीला जिना नाही, पण उतरंड आहे. धक्का पाण्यावर तरंगता असतो आणि काठापासून त्याच्यापर्यंत लोखंडी रॅम्प. लंडन ब्रिजपाशी भरती-ओहोटीत पाणी सुमारे ७ मीटर वरखाली होतं. भरतीला रॅम्प जवळपास सपाट, ओहोटीला चांगलाच उतरता. दुखरा गुडघा उतरतानाच जास्त बोलतो. नजाऱ्यालाही हेच लागू. ओहोटीला बोट खाली बसते आणि दोन्हीकडे ओल्या भिंती बघत जावं लागतं. भरतीला काठ हातात आल्यासारखा होतो.

वेळ काढायला फार काही लागत नाही. पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीच्या साइटवर रोजचं भरतीचं वेळापत्रक असतं. ढोबळ हिशेब हवा असेल तर कालनिर्णय उघडा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास इथे भरती दुपारी येते आणि सकाळी नदी आटलेली असते. अष्टमीच्या आसपास सकाळीच पाणी वर असतं, पण तेव्हा भांगाची भरती, त्यामुळे चढउतारही कमी. तुमच्या शनिवारची तिथी बघा आणि त्याप्रमाणे बोट सकाळी की दुपारी ते ठरवा.

शुभ्रा७

खाडीपारताईंना जोरदार अनुमोदन, आणि त्यांनी एका शब्दात उरकलेली गोष्ट मी मोठ्याने सांगते: शौचालय. बसमध्ये नसतं. आम्ही सासूबाईंना टूर बसमध्ये बसवलं, फ्लीट स्ट्रीटवर गाडी अडकली ती अडकलीच. कानात सेंट पॉल्सची माहिती संपून टॉवर सुरू झालं होतं आणि आम्ही अजून एका बँकेसमोर उभे. सासूबाई बोलल्या काहीच नाहीत, पण दुपारी पाणी प्यायलाच नकार दिला. वयस्क माणसं असं करतात. दिवसभर तहानलेली राहतात आणि आपल्याला संध्याकाळी कळतं. बोटीत हा प्रश्नच नाही. माझ्या मते बाकी सगळं दुय्यम आहे.

दुपारचाचहा

हा मुद्दा मान्य. माझ्या डोक्यात तरुण पाहुणे होते. पण राजवाड्याचं काय?

टेकडीवाला

बस आणि बोट दोन्ही एकाच गोष्टीत हवं असेल तर चिंगीला टॉवर ब्रिजखालून जाताना ही सांगा, शंभर टक्के खरी आहे. १९५२ चा डिसेंबर. ७८ नंबरची डबलडेकर पुलावर असताना जहाजासाठी पूल उघडायला सुरुवात झाली. ड्रायव्हर आल्बर्ट गंटर याच्या लक्षात आलं, की पुढचा रस्ता खाली खाली जातोय. खरं तर त्याचीच बाजू वर उचलली जात होती. ब्रेक लावायला वेळ नव्हता. त्याने वेग वाढवला आणि प्रवाशांसकट बस पलीकडच्या बाजूवर उडवली, ती बाजू अजून उचलायची होती. सगळे वाचले. त्याला १० पौंड बक्षीस मिळालं. ७८ नंबर आजही त्याच पुलावरून जाते. पूल कधी उघडणार त्याच्या वेळा टॉवर ब्रिजच्या साइटवर आधी लावलेल्या असतात, जमलं तर तीही वेळ गाठा.

आणि एक तिसरा पर्याय सुचवतो, कुणीच काढला नाही म्हणून. रीजंट्स कॅनॉल. लिटल व्हेनिसहून कॅमडेनपर्यंत कालव्यातून लांबट अरुंद बोटी जातात, पाऊण तासाच्या आसपास, रीजंट्स पार्क आणि प्राणिसंग्रहालयाच्या कडेने. लिटल व्हेनिसला बोटीत बसण्याआधी दोन पावलांवर १०, हाउली प्लेस हे घर आहे. १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक तिथे राहिले, भिंतीवर निळी पाटी आहे. कॅमडेनला उतरून चालत गेलात की प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं. एक घर कालव्याच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. माझ्या वडिलांना मी हेच दाखवलं. पाटीसमोर ते चप्पल काढून उभे राहिले, राजवाड्याची आठवणसुद्धा निघाली नाही.

कालवा बघून बाबाही खूश होतील. वाटेत मेडा हिलचा बोगदा लागतो. काठाने घोडा बोट ओढायचा, पण बोगद्यात घोड्याला वाट नाही. मग नावाडी पाठीवर आडवे होऊन भिंतीला पाय लावत बोट पुढे रेटायचे. कॅमडेनला बोटी वरखाली करणाऱ्या लॉकचे, हाताने उघडायचे दरवाजे आजही चालू आहेत.

चिंगीचीआई

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला शुभ्रा७ यांचा प्रतिसाद वाचायला दिला, तो गप्प झाला. टिळक आणि बाबासाहेबांच्या घरांचं बाबांना फोनवर सांगितलं, ते लगेच कागद-पेन घेऊन बसले. आता अडचण अशी, की नदी आणि कालवा दोन्ही एका दिवसात जमेल का? आणि खाडीपारताई, तुम्ही बस पूर्णच रद्द केलीत का? चिंगीला लाल बसच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसायचंय, ते तिने महिनाभर आधीच जाहीर केलंय.

खाडीपार

बस कशाला रद्द करू? टूरची रद्द करा, रोजची घ्या. ११ वर्षांखालच्या मुलांना सिटी बस फुकट आहे, मोठ्यांना एकदा कार्ड टेकवल्यावर तासाभरात दुसऱ्या बसचे पैसे पडत नाहीत. वुलिचहून एलिझाबेथ लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोडला या आणि दक्षिणेकडे जाणारी २४ नंबर पकडा. चेरिंग क्रॉस रोड, ट्रॅफल्गर स्क्वेअर, व्हाइटहॉल, डाउनिंग स्ट्रीटचं तोंड, पार्लमेंट स्क्वेअर, सगळं सलग येतं. चिंगी आणि बाबा वर, तुम्ही आणि आई खाली दाराजवळच्या राखीव खुर्च्यांवर. बस उभी असतानाच त्यांना वर पाठवा. फक्त तुमचा शनिवार आहे. व्हाइटहॉलवर शनिवारी मोर्चे निघतात आणि बस वळवतात, म्हणून सकाळीच टीएफएलची, म्हणजे लंडनची वाहतूक चालवणाऱ्या संस्थेची, साइट बघा. वळवली असेल तर ९ नंबर घ्या: ट्रॅफल्गरहून पिकॅडिली, हाइड पार्कची कड, रॉयल आल्बर्ट हॉल. दुपारचाचहा यांच्या यादीतलं निम्मं त्यात येतं. राजवाडा ग्रीन पार्कला उतरून झाडांखालून पाच-सात मिनिटं चालत, उतारही सोपा आहे.

नदी आणि कालवा एका दिवसात नको. पळापळीत आईंचा गुडघा बोलेल आणि मग कुठलंच धड होणार नाही. टेकडीवाल्यांचं वाचून खरं तर मी स्वतः डळमळले, इतक्या वर्षांत ती दोन घरं मी या क्रमाने जोडलीच नव्हती. निवड बाबांवर सोडा. त्यांनी कागद-पेन घेतलं ते घरांसाठी, तेव्हा उत्तर बहुधा मिळालंच आहे. कालवा घेतलात तर भरतीची चिंता नाही, तिथलं पाणी जागचं हलत नाही. मात्र त्या बोटीत चढायला धक्क्यावरून खाली पाऊल टाकावं लागतं आणि आत छत बुटकं असतं. आधी फोन करून आईंसाठी विचारून घ्या. शनिवारी कॅमडेनला बाजाराची तुफान गर्दी असते, बाबा वैतागतील, म्हणून उलटं जा: सकाळी चॉक फार्म स्टेशनला उतरून आधी बाबासाहेबांचं घर, बाजार भरायच्या आत कॅमडेनहून बोट, आणि शेवटी हाउली प्लेस. तिथून वॉरिक अॅव्हेन्यू स्टेशन जवळ आहे.

नदी निवडलीत तर बॅरिअरजवळ पोचण्याआधी बाबांना उजवीकडच्या खिडकीशी बसवा. नियंत्रण कक्ष दक्षिण काठावर आहे, तोही दिसेल.